कच्चा काठ

जूनमधला तो रविवार अगदी साधा होता. इतका साधा, की नंतर रागिणीला त्यातलं एकेक आठवून जपून ठेवावं लागलं. सकाळी नळ उशिरा आला. चतुराआत्याने वांग्याच्या भाजीत तिखट जास्त टाकलं आणि कबूल केलं नाही. दुकानाचं शटर बाबांनी स्वतः उचललं. अर्ध्यावर थांबून, दम घेऊन, मग उरलेलं.

अमरावतीच्या गांधी चौकामागच्या गल्लीत 'पुंजाराम टेलर्स' ही पाटी चाळीस वर्षं होती. पुढे दुकान, मागे घर. वर्षभर तिचे बाबा, पुंजाराम मास्तर, शाळेचे गणवेश शिवत, पण त्यांचं नाव होतं ते झुलींसाठी. पोळ्याला बैलांच्या पाठीवर टाकायच्या झुली. खाली मखमल, तिच्यावर साटिनची कापून लावलेली नक्षी, चंद्र, वेली, कमळं, आणि मधेमधे आरसे. यंदा अंजनगाव सुर्जीकडच्या महादेवरावांनी पाच जोड्यांच्या दहा झुली सांगितल्या होत्या.

साटिन मोठं अवखळ कापड. कात्री लागली की काठाची सुतं सुटायला लागतात. तो कच्चा काठ मास्तर नखाने आत मुडपत आणि बारीक टाक्यांनी दाबून टाकत. "माह्या हातचा काठ दहा पोळे सुटत नाही," असं ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि ते खरं होतं.

त्या दिवशी चार वाजता त्यांनी चौथी झूल रागिणीच्या मांडीवर टाकली.

"पाह्य व. कशी झाली?"

"ठीक," रागिणी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

मास्तर हसले. त्यांनी पाचवी झूल पुढ्यात ओढली, सुई तिच्याकडून ओवून घेतली, अर्धी वेल लावली आणि सुई तशीच कापडात टोचून ठेवून उठले. "जरा पडतो," म्हणाले.

ते घोरायला लागल्यावर रागिणीने पुस्तकांच्या रांगेमागून एक छोटी बाटली काढली. पाण्यासारखा पातळ गोंद होता तो, कापडाच्या काठाला लावायचा. दोन वर्षांपासून मास्तरांची बोटं थरथरत होती. मुडपलेला काठ कुठे जाड तर कुठे उघडाच राहायचा आणि त्यातून सुतं डोकवायची. त्यांना ते दिसत नसावं, असं ती समजून चालली होती. रविवारी दुपारी, एरवी रात्री, ते झोपले की ती काठावरून बारीक ब्रश फिरवायची. दहा मिनिटांत गोंद वाळायचा, डाग दिसायचा नाही, आणि सुतं जागच्या जागी धरली जायची.

चौथ्या झुलीपाशी बाटली संपली. उद्या अकोल्याहून आणायची, तिने मनात टिपून ठेवलं.

*

असा गोंद अमरावतीत मिळत नव्हता, असं नाही. पण इथले शिंप्यांच्या सामानाचे सगळे दुकानदार मास्तरांना ओळखत, आणि संध्याकाळपर्यंत बातमी घरी आली असती. रागिणी अकोल्याला एका कॉलेजात ग्रंथपाल होती. बडनेऱ्याहून गाडीने रोजचं अप-डाऊन. त्या अप-डाऊनमध्येच, दोन श्रावणांपूर्वी, एका धो धो संध्याकाळी ती टिळक रोडच्या आतल्या बोळीत कुणाच्यातरी पत्र्याखाली शिरली होती. छातीशी पुस्तकांची पिशवी धरून.

"मॅडम, आत या," गल्ल्यामागून आवाज आला. "पुस्तकं भिजून राहिली."

"आणि मी भिजतेय, ते दिसलं नाही का?"

"दिसलं न. पण तुमी वाळसान. पुस्तकं काही वाळत नाही."

ती आत गेली. चहूकडे बटणं, लेस, गोटा, दोऱ्यांची रिळं. गल्ल्यामागे तिच्याच वयाचा, डाव्या तर्जनीला नेहमी एखादा दोरा गुंडाळत बसणारा माणूस. नितेश. त्याने खुर्ची दिली, पिशवी पुसायला स्वच्छ मलमलीचा तुकडा दिला. पिशवी पुसता पुसता तिला फळीवरच्या त्या बाटल्या दिसल्या.

"हे काठाला लावायचं ना?"

"हो. कशाले पाह्यजे?"

घरातल्या हातांचं थरथरणं परक्या माणसाला कसं सांगायचं... "पुस्तकांच्या कापडी बांधणीसाठी," ती म्हणाली.

दर महिन्याला एक बाटली. कधी दोन.

"तुमच्या लायब्ररीत पुस्तकं जास्त हायेत का गोंद?" नितेश विचारायचा.

"पुस्तकं. पण वाचणारे फाडतात."

"अन् मागच्या बाटलीनं काम कसं झालं?"

"ठीक."

"ठीक... मॅडम, एवढी पुस्तकं वाचता. 'ठीक'च्या वरचा एखादा शब्द सापडला नाही का अजून?"

"सापडला की सांगेन."

ती गाडीसाठी निघायची आणि तो दुकानाच्या पायरीपर्यंत यायचा. काही कारण नसताना. तिला ते कळायचं... आणि आपल्याला कळतंय हे त्याला कळू नये, म्हणून ती वळून बघायची नाही. कोपऱ्यावर मात्र चाल हळू व्हायची.

गेल्या हिवाळ्यात एकदाच ती त्याच्यावर चिडली होती. त्याने नेहमीची बाटली द्यायला नकार दिला आणि दुसरीच पुढे केली.

"मला जुनीच द्या."

"ते ठेवणं बंद केलं. पांढऱ्या कापडावर सहा महिन्यांत पिवळं पडते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एक म्हातारं गिऱ्हाईक आलं होतं," नितेश दोरा बोटाभोवती फिरवत म्हणाला. "चांगली खरडपट्टी काढली माही. हे घ्या, हे नाही पडत पिवळं."

ती कुरकुरत घेऊन गेली. नवा गोंद खरंच चांगला निघाला. तसं तिने त्याला सांगितलं नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणाली.

*

त्या साध्या रविवारनंतरच्या सोमवारी ती त्याच्या दुकानात उभी असताना फोन वाजला. आत्या बोलत होती, पण शब्द लागत नव्हते. एवढंच कळलं, की दवाखान्यात नेलं होतं, आणि आता घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रागिणीने फोन पर्समध्ये ठेवला. बाटलीही ठेवली. "पैसे उद्या देते," ती म्हणाली आणि चुकीच्या दिशेला चालू लागली.

नितेशने शटर ओढलं. स्टेशनवर तिकिटं काढली, दोन. बडनेऱ्यापर्यंत तो समोरच्या बाकावर तिची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. धीर धरा म्हणाला नाही, पाणी घ्या म्हणाला नाही. बडनेऱ्याला ऑटोत बसवताना त्याने पर्स तिच्या हातात दिली आणि तिची बोटं पर्सच्या पट्ट्यावर एकेक करून मिटवली. मग ऑटो गेला.

*

तेरवीला महादेवराव आले. जेवले, टोपी हातात घेऊन बसून राहिले.

"पोरी, मास्तर गेले. त्या झुलीचं मनावर घेऊ नको. औंदा बाजारातून तयार आनतो आमी."

"दहापैकी चार झाल्यात, काका."

"मंग चार देजो."

"पोळ्याच्या दोन दिवस आधी या," रागिणी म्हणाली. "सकाळी. दहा मिळतील."

महादेवरावांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने खांदे उडवले. "बापावर गेली हाये. इचारून फायदा नाही."

पुंजाराम मास्तरांनी घेतलेलं शेवटचं काम अर्धं राहिलं, असं कुणी म्हणायला नको होतं. तेवढंच तिला हवं होतं. पण आणखी एक गोष्ट तिने ठरवली आणि ती कुणाला सांगितली नाही. या सहा झुलींना गोंदाचा थेंब लागणार नाही. दोन वर्षं आपण बाबांच्या कामावर चोरून हात फिरवला, आणि स्वतःच्या हातचा काठ अजून टिकतो अशा समजुतीत ते गेले. निदान ही कामं तरी खऱ्या टाक्यांवर उभी राहू देत.

बाबांची सुई टोचलेली पाचवी तिने शेवटी ठेवली आणि सहावीपासून सुरुवात केली. गाडीतून उतरली की मशीन, रविवारी दिवसभर मशीन. मशीन तिला येत होतं. येत नव्हतं ते नखाने काठ मुडपणं. सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायचं बाबांचं अंगुस्तान तिच्या बोटात सैल होत होतं, आत कापूस घालून ती बसायची. कमळाच्या पाकळीपाशी साटिन निसटायचं, पुन्हा मुडपायचं, पुन्हा निसटायचं.

अकोल्यात ती नितेशच्या दुकानावरून जायची. थांबायची, त्या दिवशीचे पैसे कधीच दिले होते तरी थांबायची.

"बाटली काढू?"

"आता नको."

"सारी पुस्तकं दुरुस्त झाली?"

"ठीक आहेत."

तो पायरीपर्यंत यायचा. आता ती वळून बघायची. तिच्या बोटांवर सुईच्या खुणा होत्या आणि त्या त्याला दिसत होत्या.

ऑगस्ट अर्धा झाला तेव्हा तीन झुली तयार होत्या, आणि पोळ्याला चौदा दिवस उरले होते. त्या शनिवारी तिने आधी शिवलेली सहावी झूल घडी मोडून पाहिली. पाकळ्यांच्या कडांमधून मक्याच्या कणसाच्या केसांसारखी सुतं लोंबत होती. सातवीचीही. आठवीची सुटायला लागली होती.

रागिणी झुलीकडे बघत उभी राहिली. मग कात्री घेऊन तिने सहावीची पहिली पाकळी उसवली, पुन्हा मुडपायला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानापुढे मोटारसायकल थांबली. आत्या दारात अंबाडीची भाजी निवडत होती.

"कोन पाह्यजे?"

"अंबादेवीच्या दर्शनाले आलो होतो," नितेश हेल्मेट काढत म्हणाला. बाहीतून पाणी गळत होतं.

"देऊळ तिकडे राह्यलं बापा. अठी काय मशीनचं दर्शन घेतं?"

"आत्या, ते ओळखीचे आहेत," रागिणी आतून म्हणाली, आणि मांडीवरची झूल लपवायची कुठे ते तिला सुचेना.

तो आत आला. बाबांच्या स्टुलावर बसला नाही, उभाच राहिला. त्याने झुलीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला, पिशवीतून बाटली काढली आणि मशीनवर ठेवली.

"ते उचला तिथून."

"काहून?"

"हे काम गोंदाशिवाय करायचं आहे."

"कोन म्हणते?"

"मी म्हणते." ती थोडं थांबली. "नितेश, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. ती बाटली पुस्तकांसाठी नव्हती."

"माहीत हाये."

"काय माहीत आहे?"

त्याच्या तर्जनीला दोरा नव्हता. त्याने उगाच बोटाला हात लावला, मग पँटच्या खिशात घातला.

"गेल्या हिवाळ्यात ते म्हातारं गिऱ्हाईक आलं होतं न... ते तुमचे बाबा होते."

आत्याचे हात भाजीत थांबले.

"रिकामी बाटली घेऊन आले होते. तुमच्या पुस्तकांमागं सापडली, म्हणे. तिच्यावर माह्या दुकानाचा शिक्का. बसने एकटेच आले. मले म्हणाले, 'तू काय इकून राहिला रे? माही पोट्टी नेते ते पिवळं पडते. पांढऱ्या साटिनवर रेघ दिसते. बरं काही असन तं तिले ते देत जा.'"

रागिणीने बाटली उचलून तिच्यावरचा शिक्का पाहिला.

"मी म्हटलं, काका, तुमाले कसं समजलं? तं बोट दाखवलं मले. 'चाळीस वर्सं हे बोट काठावर फिरून राहिलं. कडक काठ त्याले समजनार नाही का?' अन् जाता जाता म्हणाले, 'म्या आलतो म्हनून सांगू नोको तिले. तिले वाटते बापाले समजत नाही. वाटू दे.' मी शब्द देऊन बसलो होतो. म्हणून इतके दिवस..."

बाहेर पावसाची झिमझिम चालू होती. कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"अजून काय म्हणाले?"

"मले इचारलं, ती तुह्या मालाले काय म्हणते? मी म्हटलं, 'ठीक' म्हणतात. तं लय हसले. म्हणे, 'तिचं ठीक मंजे लय झालं.'" नितेश अडखळला. "मंग दाराशी थांबले. म्हणे, 'एखाद डाव तिच्या तोंडून वरचा शब्द आयकाले भेटला असता तं...' अन् हातानंच जाऊ दे केलं, अन् गेले."

रागिणीने अंगुस्तान काढलं. आतला कापूस काढला आणि अंगुस्तान मशीनच्या खणात ठेवलं. तिचे डोळे कोरडे होते, फक्त खण लागायला वेळ लागला. मग तिने बाटलीचं बूच फिरवलं.

"आधी चिंधीवर लावून बघू," ती म्हणाली. "हवा दमट आहे. पांढरं पडायला नको."

"ते साटिन द्या इकडे."

"हात पुसा आधी. बाहीतून पाणी गळतंय तुमच्या."

"मी वाळीन," तो म्हणाला. "साटिन नाही वाळत."

तेरवीनंतर पहिल्यांदा तिला हसू आलं. आत्याने ते पाहिलं आणि भाजी घेऊन आत गेली. जाताना चहाचं विचारलं. देवळाचं विचारलं नाही.

*

पुढच्या दिवसांत नितेशने अंबादेवीची तीन दर्शनं केली. निदान दुकानात बापाला तसं सांगून निघायचा.

श्रावणातली ओली हवा. एरवी दहा मिनिटांत वाळणारा गोंद अर्धा-अर्धा तास ओला राहायचा. टेबलावर ठेवला की काठ टेबलालाच चिकटायचा, दोरीवर टाकला की घडी पडायची. शेवटी एकच उपाय उरला. गोंद लावायचा आणि दोघांनी समोरासमोर उभं राहून झुलीचा वरचा काठ धरायचा, ती मधे पडद्यासारखी अधांतरी ताणून ठेवायची. झूल मोठी, पार डोक्यापर्यंत. एकाला दुसऱ्याचा चेहरा दिसायचा नाही. दिसायची फक्त काठावरची बोटं.

चेहरा दिसत नसला की बोलणं सोपं जातं. तो आपल्या मृत आईबद्दल बोलला, दुकानाबद्दल बोलला. बाबांनी गणवेशावर नावं भरता भरता आपल्याला अक्षरं कशी शिकवली, ते तिने सांगितलं. एकदा बोलताना त्याची बोटं सरकत सरकत तिच्या बोटांपाशी आली आणि तिथेच थांबली. तिने हात हलवला नाही. काठ वाळायचा होता.

"काय व हे," आत्या चहा घेऊन येत म्हणाली. "मधी कापड धरून उभे राहिले. कोनी पाह्यलं तं अक्षता टाकन तुमच्या आंगावर."

काठावरची बोटं एकदम एकमेकांपासून लांब सरकली.

*

महादेवराव उद्या सकाळी येणार होते. नऊ झुली कपाटात घडी घालून ठेवल्या होत्या. रागिणीने पाचवी काढली, बाबांची सुई अजून तिच्यात होती. सुट्टी टाकून ती सकाळपासून बसली होती. सुईतला दोरा पुरेल तितका तोच वापरला, मग नवा ओवला. दुपारपर्यंत वेल पुरी झाली. डावी अर्धी बाबांची. टाके कुठे लांब, कुठे जवळ, वळणावर एकदा सुई चुकून परत फिरलेली. उजवी तिची, सरळ, थोडी घाबरट. पण वाऱ्यावर हलल्यासारखी वाटत होती ती बाबांचीच पानं. कमळाजवळ वेल त्यांनी जशी अलगद वळवली होती, तशी तिला सात जन्मांत जमली नसती. दोन वर्षं ती फक्त काठ बघत होती. वेल आज पाहिली.

नितेश दुकान लवकर बंद करून आला. शेवटच्या काठाचा ब्रश तिने त्याच्या हातात दिला.

"माह्याकडून बिघडलं तं?"

"बिघडू देणार नाही."

तो श्वास रोखून काठावरून ब्रश फिरवत गेला. एका ठिकाणी थेंब मखमलीवर पडला, तो तिने चिंधीने टिपून घेतला. मग दोघांनी झूल उचलली आणि ताणून धरली.

आता पलीकडून खिडकीचा उजेड येत होता. बाबांचे लांब-जवळ टाके त्या उजेडात एकेक करून दिसत होते. पलीकडे काठावर नितेशची आठ बोटं. आत आत्या कणीक मळत होती, परातीचा आवाज येत होता.

"कशी झाली?" नितेशने विचारलं.

त्याने सहजच विचारलं होतं. लगेच त्याच्याही लक्षात आलं, आणि पलीकडची बोटं घट्ट झाली.

ठीक. शब्द तिच्या जिभेवर तयार होता, बत्तीस वर्षांच्या सवयीने. तिने तो गिळला.

"छान झाली, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.

परातीचा आवाज थांबला.

"सुंदर झाली. चौथीसुद्धा झाली होती. सगळ्याच झाल्या होत्या, दरवर्षी... मी वर बघितलं नाही. काठ मी धरला होता, पण वेल तुमची होती. तशी मला येत नाही. कुणालाच येत नाही."

गोंद अजून ओला होता. हात सोडता येत नव्हते, म्हणून डोळे पुसता आले नाहीत. तिने ते तसेच वाहू दिले. काठावरची पलीकडची बोटं सरकत तिच्या बोटांपाशी आली, आणि या वेळी थांबली नाहीत.

रागिणीने झूल हळूच खाली घेतली. त्याचं कपाळ दिसलं, मग डोळे. तेही ओले होते.

"आणि नितेश," ती म्हणाली, "वरचा शब्द सापडला की सांगेन म्हटलं होतं ना... तुम्ही मला आवडता. ठीक नाही. फार आवडता."